तिसऱ्या पिंडाची वाट



व्याख्यानाचा विषय म्हणून आम्ही ‘खगोलयांत्रिकी’ असे कळवले, तेव्हा मालेचे चिटणीस जरा बिचकले. ‘त्यात अग्निबाण हा शब्द घाला, म्हणजे सभामंडप भरेल,’ अशी त्यांची प्रेमळ सूचना होती. ती आम्ही मानली नाही. अग्निबाण यानाला वर फेकतो, हे खरे. पण पुढे यानाने कोणत्या वाटेने जावे, हे कागदावरचे गणित ठरवते. आणि त्या गणिताची कथा अग्निबाणाच्या धुराहून कमी रंजक नाही.

सूर्य आणि एक ग्रह एवढेच विश्व असते, तर न्यूटनने १६८७ साली सारे काम उरकले असे म्हणता आले असते. दोन पिंडांचा संसार सरळ असतो. तिसरा पिंड आला की तिघेही एकमेकांना ओढू लागतात आणि पुढचा मार्ग सांगणारे साधे सूत्र हाती लागत नाही. मात्र काही खास जागी उत्तर मिळते. अशा तीन जागा ऑयलरने दाखवल्या, आणि आणखी दोन लाग्रांजने १७७२ च्या निबंधात. त्यांतली एक पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्याच्या जवळ असलेल्या वस्तूचे वर्ष एरवी आपल्या वर्षाहून लहान व्हायचे. पण तेथे पृथ्वी तिला मागे ओढते, सूर्याची ओढ तेवढी सैल पडते, आणि ती वस्तू पृथ्वीच्याच चालीने वर्ष पुरे करते. लाग्रांजच्या काळी हा निव्वळ कुतूहलाचा भाग होता.

आता १८८९ सालाकडे येऊ. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त गणिताचे पारितोषिक ठेवले होते. या तीन पिंडांच्या प्रश्नावर लिहून ते पॅरिसच्या आंरी प्वांकारेने मिळवले. निबंध छापूनही झाला. छपाईपूर्व तपासणीत फ्राग्मेन नावाच्या तरुणाने काही शंका काढल्या होत्या. त्यांची उत्तरे शोधताना प्वांकारेला दुसऱ्याच ठिकाणी स्वतःची मोठी चूक सापडली. ती त्याने स्वतःहून कळवली. वाटलेल्या प्रती परत मागवल्या गेल्या. त्या छपाईचा खर्च प्वांकारेने भरला. पारितोषिक २५०० क्रोनरचे, आणि भुर्दंड ३५०० हून अधिक! चूक दाबून ठेवणे फारसे अवघड नव्हते. आम्हाला तर पारितोषिकापेक्षा हा भुर्दंडच मोठा वाटतो.

कारण दुरुस्त निबंधात जे निघाले ते कोणाला अपेक्षित नव्हते. तीन पिंडांच्या खेळात आरंभी केसाएवढा फरक पडला, तरी पुढे वाटा पार वेगळ्या होऊ शकतात. भविष्य वर्तवू पाहणाऱ्याला ही वाईट बातमी होती. आणि जवळजवळ शंभर वर्षे ती तशीच मानली गेली.

मग १९९० च्या जानेवारीत जपानने ‘हितेन’ हे यान सोडले. त्याच्यासोबतचे छोटे यान चंद्राभोवती फिरायचे होते. पण त्याचा संदेशयंत्रणेचा भाग बिघडला. हितेनकडे नेहमीच्या वाटेने चंद्राच्या कक्षेत शिरण्याइतके इंधन नव्हते. तेव्हा अमेरिकेतील बेलब्रुनो आणि मिलर या दोघांनी वेगळीच वाट सुचवली. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढी जेथे एकमेकींना झुंजवतात, तेथपर्यंत दूर जायचे, आणि तेथे इंधनाचा अगदी थोडा धक्का द्यायचा. केसाएवढा फरक पुढे कोसांचा होतो ना? तोच कामाला लावायचा. काही महिन्यांचा वळसा घालून ऑक्टोबर १९९१ मध्ये हितेन चंद्राशी पोहोचले. प्वांकारेला जो दोष वाटावा, तो खलाशाला वारा ठरला.

आपल्या घरचे उदाहरण सांगतो. ‘आदित्य-एल १’ हे भारताचे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या १५ लाख किलोमीटरवरच्या बिंदूपाशी पोहोचले. पण ते नेमके बिंदूवर बसलेले नाही. तसे बसले, तर पृथ्वीवरून पाहताना ते सूर्यबिंबावरच येईल आणि सूर्याच्या रेडिओ-गोंगाटात त्याचा आवाज बुडेल. म्हणून ते बिंदूभोवती मोठी फेरी घालते. एका फेरीला सुमारे १७८ दिवस लागतात. अशा कक्षेत पहिले यान अमेरिकेने १९७८ साली धाडले होते.

या कक्षेची गंमत अशी की ती टिकणारी नाही. बोटावर काठी तोलणाऱ्या मुलाला आपण पाहतो. त्याचा हात कधी स्वस्थ नसतो. तसेच यानाचे. शुक्राची, चंद्राची, इतरांची ओढ त्याला हळूहळू ढळवते. मग जमिनीवर बसलेले गणिती आकडे मांडतात, आणि यानाच्या बारीक तोट्या क्षणभर उघडतात. मात्र धक्का वेळेवर द्यावा लागतो. उशीर झाला, तर त्याच दुरुस्तीला कितीतरी अधिक इंधन जाते. म्हणून तेथे रोज वाट मोजली जाते, आणि पुढच्या धक्क्याची तारीख आधीच ठरलेली असते.