मोटारींतलें घर आणि इंजिनाची ऊब

मोटारीचें इंजिन फार तापतें, ही तक्रार आपल्या इकडे सर्वांच्या परिचयाची आहे. एके काळीं घाट चढून आलेली मोटार माथ्यावर हमखास थांबे. ड्रायव्हर हाताला फडकें गुंडाळून रेडिएटरचें झांकण जपून सैल करी, वाफेचा लोट निघून गेला कीं डब्यानें पाणी ओती, आणि मग प्रवास पुढें सुरू होई. ही उष्णता टाकून कशी द्यावी, एवढीच आपली विवंचना. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागांत असे देश आहेत कीं, तेथें हिंवाळ्यांत हीच टाकाऊ उष्णता घरांत कशी आणावी, याची काळजी माणसाला पडते. तिच्याविषयींच आज मी चार शब्द सांगणार आहें.

यूरोपांत मोटारहोम नांवाचें एक वाहन पुष्कळ प्रचारांत आहे. आपण त्याला घरगाडी म्हणूं. जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ सालीं फोक्सवॅगनच्या छोट्या गाडींत बसवितां येईल असा बिछान्या-कपाटांचा सरंजाम विकावयास काढला, तेव्हांपासून या हौसेला मोठा बहर आला. आजच्या पुष्कळशा घरगाड्या इटलींत तयार होणाऱ्या फियाट ड्युकाटो या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. त्यांत निजण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, पाण्याची टांकी, सारें कांहीं असतें. आणि अर्थातच घर गरम ठेवण्याची योजनाहि असते. स्वीडनमधील आल्डे या कारखान्याची योजना पाण्यावर चालते. एक छोटा बॉयलर प्रोपेन वायूवर किंवा विजेवर द्रव तापवितो. पंप तो द्रव भिंतींच्या कडेनें नेलेल्या नळ्यांतून फिरवितो, आणि त्या नळ्यांवरील पंख्यांसारख्या पत्र्यांवरून मंद ऊब वर येते. थंडींत नळ्या फुटूं नयेत म्हणून या पाण्यांत ग्लायकॉल मिसळलेलें असतें. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असें मिश्रण शून्याखालीं ३५ अंश सेंटिग्रेडपर्यंत गोठत नाहीं.

माझा एक भाचा स्वीडनमध्यें नोकरीस आहे. त्यानें अशी एक वीस वर्षांची जुनी घरगाडी विकत घेतली. मी त्याच्याकडे गेलों असतां हिंवाळ्याच्या सुटींत आम्ही सारे तींतून उत्तरेकडे निघालों. स्टॉकहोमहून ई-४ या राजमार्गानें, बहुतेक समुद्राच्या कडेकडेनें, सुंड्स्वाल, उमेओ अशीं शहरें घेत लुलेओपर्यंत सुमारें ९०० किलोमीटरांची ती वाट आहे. यूरोपांतील नियमाप्रमाणें चालत्या गाडींत वायूवरची भट्टी पेटती ठेवावयाची असेल, तर अपघातांत नळी तुटतांच वायु आपोआप बंद होईल अशी तजवीज लागते. भाच्याच्या जुन्या गाडीला ती नव्हती. म्हणून निघतांना आम्हीं वायु बंद केला होता.

सुंड्स्वालच्या पुढें पारा शून्याखालीं २२ अंशांवर उतरला. पुढच्या बाजूस मी आणि भाचा साध्या सदऱ्यावर बसलों होतों, कारण चालकापुढील हीटर जोरानें गरम हवा सोडीत होता. मागच्या आसनावर त्याची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी होती. दोन तासांनीं मुलगी रडूं लागली. आम्हांला वाटलें, तिला भूक लागली असेल. तिच्या आईनें तिचे बूट काढले, तेव्हां पायांचीं बोटें पांढरीं फटक पडलीं होतीं. आम्हीं गाडी थांबविली, तिचे पाय माझ्या पोटाशीं धरले, वायु पेटविला. अर्ध्या तासानें बोटांना रंग आला आणि मुलगी हंसूं लागली. परंतु त्या अर्ध्या तासांत आम्हां चौघांपैकीं कोणीहि कोणाशीं फारसें बोललें नाहीं. त्या रात्रीं न्हाणीची नळीहि गोठलेली आढळली. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. भट्टीसारखें इंजिन चार हातांवर धगधगत होतें, आणि मागें लेंकरूं गारठत होतें!

येथें थोडा हिशेब करूं. एक लिटर डीझेल जळालें म्हणजे सुमारें १० किलोवॅट-तास इतकी उष्णता निर्माण होते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी अशी जड गाडी तासाला आठ लिटर तरी खाते. म्हणजे सुमारें ८० किलोवॅटची ती भट्टी झाली. ढोबळ मानानें यांपैकीं एक तृतीयांश शक्ति गाडी चालविण्याच्या कामीं येते, तेवढीच धुराबरोबर निघून जाते, आणि चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक इंजिनाच्या पाण्यांत उतरते. ही शेवटची रक्कमच वीस किलोवॅटांच्या घरांत जाते. घरगाडी उबदार ठेवण्यास मात्र चार-पांच किलोवॅट पुष्कळ झाले. जें आपण रस्त्यावर उधळतों, त्याचा पांचवा भागहि घराला पुरेसा आहे.

हें गणित मांडल्यावर भाचा उत्साहानें म्हणाला, "मामा, मग सोपें आहे. इंजिनाच्या पाण्याची नळी घराच्या नळीला जोडून टाकूं. रबरी नळ्यांचाच काय तो खर्च." मीं त्याला म्हटलें, "अरे, तुझी आजी पाणी कसें तापवीत असे, तें आठव."

आपल्या घरांत उष्णता एका पदार्थांतून दुसऱ्यांत नेण्याच्या दोन रीती पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. एक विसण घालण्याची. घंगाळांतील कढत पाण्यांत थंड पाणी ओतलें कीं दोन्ही मिळून एक होतात. पुन्हा वेगळीं करतां येत नाहींत. दुसरी बंबाची. तांब्याच्या बंबांत मधल्या नळकांड्यांत निखारा असतो व भोंवतीं पाणी. धूर आपल्या वाटेनें वर जातो, पाणी आपल्या जागीं राहतें. मधल्या तांब्याच्या भिंतींतून पलीकडे जाते ती केवळ उष्णता. तापलेल्या दुधाचें पातेलें थंड पाण्याच्या परातींत ठेवून दूध निववितात, तींहि हीच रीत. भाच्याला विसण घालावयाचें होतें. मला बंब हवा होता.

कारणें अशीं. इंजिनाचें पाणी बंद आवर्तांत, हवेच्या दाबाहून अधिक दाबाखालीं फिरत असतें. घराच्या आवर्ताची वाढीव टांकी मात्र बाहेरच्या हवेला मोकळी असते, आणि ती बहुधा कपड्यांच्या कपाटांत बसविलेली असते. दोन्हींची सांगड घातली तर इंजिनाचा दाब आपलें कढत पाणी थेट त्या कपाटांत आणून सोडील. दुसरें, दोन्ही द्रवांत गंज चढूं नये म्हणून घातलेलीं द्रव्यें वेगवेगळ्या जातींचीं असूं शकतात. तीं एकत्र आलीं तर गाळ होऊन बारीक वाटा बुजतात. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें: मागची एखादी नळी निर्जन रस्त्यावर फुटली, तर घराची ऊब जाईलच, पण इंजिनाचें पाणीहि जाईल. मग शून्याखालीं २२ अंशांत ना गाडी, ना घर.

म्हणून उष्णता-विनिमयक नांवाचें उपकरण योजावें लागतें. पातळ, नागमोडी खोबणींचे पोलादी पत्रे एकावर एक रचून ते तांब्यानें सांधलेले असतात. एकाआड एक फटींतून इंजिनाचें पाणी जातें, मधल्या फटींतून घराचा द्रव उलट दिशेनें येतो. दोघांची भेट होत नाहीं, परंतु पत्र्यापत्र्यांतून उष्णता ओलांडून जाते. आकार एखाद्या जाड ग्रंथाएवढा. पण सर्व पत्र्यांचें क्षेत्रफळ मिळविलें तर तें मोठें भरतें, आणि तेंच याच्या कर्तबगारीचें मर्म आहे. अशा पत्र्यांच्या विनिमयकाला व्यवहारांत आणण्याचें श्रेय इंग्लंडांतील डॉ. रिचर्ड सेलिग्मन यांना दिलें जातें. १९२३ सालीं त्यांनीं तो सिद्ध केला, आणि त्याचें पहिलें मोठें क्षेत्र म्हणजे दुधाचें पाश्चरीकरण. परातींतल्या पातेल्याचाच तो सुधारलेला वंशज म्हणावयाचा.

उन्हाळा आल्यावर आम्हीं तो बसविला. जुन्या गाडींत नवें कांहीं जोडावयाचें, तर आधीं जुन्याची नीट ओळख करून घ्यावी लागते. चालकापुढील हीटरला इंजिनाचें गरम पाणी नेणाऱ्या दोन नळ्या असतातच. त्यांवरच आम्हीं जोड घेतले. मात्र हीटरचा कॉक बंद केला तरी पाणी वाहतें राहील, अशीच जागा निवडली. विनिमयक चालकाच्या मागच्या आसनाखालीं बसविला, म्हणजे इंजिनाच्या पाण्याला त्याच्या पलीकडे घरांत येण्याचें कारणच उरलें नाहीं. नळ्यांवर ऊब राखणारें आवरण चढविलें आणि जेथें पत्र्याची धार लागण्याचा संभव, तेथें रबराचे कडे घातले. पांच किलोवॅट उष्णता वाहून नेण्यास, द्रव दहा अंशांनीं निवतो असें धरलें, तर मिनिटाला सुमारें आठ लिटर प्रवाह लागतो. घराचा पंप तेवढा प्रवाह देतो कीं नाहीं, हें पाहून मगच नळ्यांची जाडी ठरविली. वायूच्या नळ्यांना या साऱ्या कामांत हात लावावा लागत नाहीं, हा या योजनेचा एक मोठाच गुण होय.

तरीहि दोन चुका आमच्या हातून झाल्याच. पहिल्या फेरींत इंजिनाचा तापदर्शक कांटा अकस्मात् वर चढूं लागला. नळीच्या एका उंच वळणांत हवा अडकून पाणी फिरेनासें झालें होतें. इंजिन पूर्ण निवूं दिलें, हवा काढली, पाणी भरलें, आणि तें वळण खालीं आणून बसविलें. दुसरी चूक अधिक शिकविणारी होती. शरद ऋतूंत एका मुक्कामीं वायूची टांकी नेहमींपेक्षां फार लवकर संपली. शोध घेतां असें दिसलें कीं, रात्रीं इंजिन थंड झाल्यावर घराचीच ऊब विनिमयकांतून उलट जाऊन इंजिनाच्या लोखंडांत मुरत होती. उष्णतेला मालक ठाऊक नसतो. जिकडे गारवा तिकडे ती वाहते. इंजिनाच्या बाजूस एक कॉक बसविला, रात्रीं तो बंद करण्याचा परिपाठ ठेवला, आणि ती गळती थांबली. उन्हाळ्यांत नको असलेली ऊब अडविण्यासहि तोच कॉक उपयोगी पडतो.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा सारा लाभ गाडी चालत असतांनाचा आहे. उभ्या गाडीचें इंजिन केवळ ऊब मिळावी म्हणून चालू ठेवूं नये. बिनकामाचें डीझेल इंजिन उष्णता फारच थोडी देतें, आणि बर्फांत रुतलेल्या गाडीखालीं धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आंत शिरतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसाला तो जागेंहि होऊं देत नाहीं. जुन्या, हवेनें थंड होणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांत धुराच्या नळीभोंवतीं आवरण घालून गरम हवा आंत घेत असत. तें आवरण व नळी गंजली कीं ऊब आणि विष एकाच वाटेनें येण्याचा धोका असे. पाण्याच्या मध्यस्थीनें आलेली ऊब त्या मानानें किती निर्भय, हें यावरून ध्यानीं येईल. तरीहि माणसें निजतात अशा प्रत्येक गाडींत या वायूची सूचना देणारें यंत्र असलेंच पाहिजे.

पुढच्या हिंवाळ्यांत आम्ही पुन्हां त्याच वाटेनें गेलों. सुंड्स्वाल मागें पडलें, बाहेरचा पारा पूर्वींसारखाच खालीं गेला. थोड्या वेळानें मागून आवाज आला, "आजोबा, मला उकडतंय!" वळून पाहतों तों मुलीनें बूट आणि मोजे दोन्ही काढून टाकले होते. न्हाणीची नळीहि त्या खेपेस गोठली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून पुरें करतों. इंजिनाच्या बाजूस आम्हीं एक छोटा विजेचा पंप जोडला होता. रात्रभर बर्फांत उभी राहिलेली गाडी सकाळीं सुरू करण्यापूर्वीं तासभर तो कॉक उघडावयाचा आणि पंप चालू करावयाचा. मग जी ऊब रात्रीं चोरीस जात होती, तीच आतां आपल्या संमतीनें घराच्या बॉयलरकडून इंजिनाकडे जाते, आणि गारठलेलें इंजिन कुरकुर न करतां सुरू होतें. सकाळीं घर इंजिनाला ऊब देतें, दिवसा इंजिन ती घराला परत करतें. दोघांचें पाणी मात्र आपापल्या ठिकाणींच राहतें.