जुना कार्डिओग्राम कुठे आहे?

श्रोतेहो, कार्डिओग्रामच्या कागदावर मशीनने ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापलं की घरात कुणी जेवत नाही. मी मात्र पहिल्यांदा विचारतो, जुना कार्डिओग्राम कुठे आहे? उत्तर ठरलेलं, ‘कपाटात बघावं लागेल, डॉक्टर.’

भिंतीला भेग दिसली की गवंडी काय विचारतो? जुनी की नवी? जुनी असेल, तेवढीच असेल, तर चहा पिऊन निघून जातो. यंदाच्या पावसात पडली असेल, तर गिलावा खरवडून बघतो. भेगेच्या टोकाला पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख घालतो. तुमचा जुना कार्डिओग्राम म्हणजे ती रेघ. उजवा बंडल ब्रांच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या उजव्या वाटेतला अडथळा, कित्येक धडधाकट माणसांत वर्षानुवर्षं असतो. डावा नव्याने दिसला, तर मी इको सांगतो. आणि हातांच्या वायरी उलट लागल्या, तरी मशीन घाबरवतंच.

टू-डी इको म्हणजे भिंत ठोकून बघणं. स्ट्रेस टेस्ट म्हणजे माळ्यावर पोती रचून भेग रुंदावते का बघणं. म्हणून तर ज्या पट्ट्यावर तुम्हाला चालवतात, त्याचा वेग आणि चढ बहुधा दर 3 मिनिटांनी वाढवतात. इथे ‘पॉझिटिव्ह’ ऐकून खूश होणारेही भेटलेत मला! अहो, पॉझिटिव्ह म्हणजे दोष दिसला. पण तोही कधी कधी फसवा निघतो, बायकांमध्ये जरा जास्तच. मग भिंत फोडायची कधी, म्हणजे अँजिओग्राफी... त्याला वेगळा वेळ लागेल.

आज त्यात शिरलो, तर कागदाचं राहून जाईल. हा कागद बहुधा थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होतो. झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. लॅमिनेशन मात्र नको हो! उष्णतेने कागद काळा पडतो. एका काकांनी मोठ्या हौसेने करून आणला होता, अगदी शाळेतली पाटी.

पण छातीवर दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर फाईल शोधत बसायचं नाही. अँब्युलन्ससाठी 108 लावा. हॉस्पिटलात पहिला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून घरी यायची घाई नको. तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही काही तासांनी पुन्हा तपासतात.

वेळ संपली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. तर ती झेरॉक्स, तिच्यावर तारीख, आणि तेव्हा कुठल्या गोळ्या चालू होत्या तेही मागच्या बाजूला... बरं, नमस्कार.