मावळातल्या रानवाटा



मुंबईहून पुण्याला येताना गाडी खंडाळ्याच्या घाटाला लागली की आपण सारे खिडकीशी सरकतो. इथे 1830 साली गाडीरस्ता झाला, 1863 साली आगगाडी धावली आणि 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. या साऱ्या वाटा घाट उतरून कोकणाला भिडतात. त्यांना आडवी छेदणारी आणखी एक वाट आहे. ती उत्तरेकडून दक्षिणेला जाते आणि ती कुणी बांधलेली नाही. ही वाट रानातल्या जनावरांची. तिला शास्त्रज्ञ संचारमार्ग म्हणतात. आपण आपली रानवाट म्हणू.

मावळाच्या उत्तरेला भीमाशंकरचे अभयारण्य आहे. ते 1985 साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 131 चौरस किलोमीटर. दक्षिणेला ताम्हिणीचे, 2013 सालचे. दोहोंत सरळ रेषेत 60-70 किलोमीटरांचे अंतर, आणि लोणावळा जवळजवळ मधोमध. सह्याद्रीची धार कुसूर घाटावरून राजमाचीला येते, खंडाळ्याशी पोचते आणि नागफणी, कुरवंडे, आंबवणे करीत ताम्हिणीकडे जाते. खाली खोऱ्यांत ठोकळवाडी, शिरवता, वळवण, पवना या धरणांचे पाणी. म्हणजे जनावराला उरला तो धारेलगतचा चिंचोळा पट्टा, आणि नेमका त्याच पट्ट्यावर आपला घाटरस्ता, आपला लोहमार्ग आणि आपले बंगले.

तुम्ही म्हणाल, अभयारण्ये राखली ना, मग जनावरांनी तिथेच राहावे. पण जनावराला हद्द कशी समजावी? बिबट्याचा नर बछडा मोठा झाला की त्याला आईचा मुलूख सोडून स्वतःचा शोधावाच लागतो. त्याची वाट बंद झाली तर तो रस्त्यावर मरतो, नाहीतर गावात शिरतो. आणि जी जनावरे आतच राहिली त्यांचे काय? एका गढीत कोंडलेल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच सोयरिकी कराव्यात, तशी त्यांची गत होते. वंश दुबळा होतो. एखादी साथ आली, एखादा मोठा वणवा लागला, तर मोकळी झालेली जागा भरायला बाहेरून कुणी येऊ शकत नाही.

शेकरूचे दुखणे तर आणखी निराळे. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी शेपटीसकट जवळजवळ मीटरभर भरतो. शेंड्याशेंड्यांवरून सहा-सहा मीटरांची उडी घेतो, पण जमिनीवर सहसा उतरत नाही. बिबट्या रात्री रस्ता ओलांडील, निदान तसा प्रयत्न तरी करील. शेकरूला मात्र झाडे तोडून केलेला रुंद पट्टा म्हणजे पूर आलेली नदीच. त्याला फांदीला फांदी लागलेलीच हवी.

मग रस्ते करायचेच नाहीत का? तसे मी म्हणत नाही. बोगदा आणि डोंगर कापून काढलेला रस्ता यांत किती फरक आहे, तेवढे पाहा. कामशेतच्या बोगद्यातून रोज हजारो मोटारी जातात, पण वरचा डोंगर सलग आहे. जिथे डोंगर उभा चिरला, तिथे दोन्ही बाजू कायमच्या तुटल्या. विदर्भात पेंचच्या जंगलातून नागपूर-शिवनीचा राष्ट्रीय महामार्ग रुंद केला, तेव्हा जनावरांसाठी त्याखाली नऊ ठिकाणी मोकळ्या जागा ठेवल्या. सर्वांत लांब जागा 750 मीटरांची. पुढे तिथे कॅमेरे लावले, तर वाघासकट 18 जातींचे प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. जागा ठेवली की जनावर ती शोधून काढते, हे तिथे दिसले.

मावळातली अडचण मात्र रस्त्यापेक्षा जमिनीची जास्त आहे. ही रानवाट सगळी सरकारी जंगलातून जात नाही. पुष्कळशी खाजगी वरकस जमिनीतून, नाचणी-वरईच्या उतारांतून जाते. तो उतार विकला जातो, त्याचे प्लॉट पडतात, भोवती भिंत उभी राहते. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? रानडुकरे एका रात्रीत त्याचा भात लोळवतात आणि भरपाईसाठी त्याला खेपा घालाव्या लागतात. रानवाट त्याच्या शेतातून जाणार असेल, तर नुकसानीचे पैसे वेळेवर त्याच्या हाती पडलेच पाहिजेत. त्यावाचून बाकीच्या गोष्टी फुकट आहेत.

एक गोष्ट मात्र त्याच्या आजा-पणजाने आधीच करून ठेवली आहे. ती म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. देवाच्या भीतीने जिथे कोयता चालला नाही, तिथे जुने वृक्ष उभे राहिले. ओढा ओलांडायला धोंडे टाकावेत, तशा या राया धनेशासारख्या पक्ष्याला उपयोगी पडतात. तो एका राईत फळ खातो, दुसरीकडे बी टाकतो. कायद्यानेही आता वाट ठेवली आहे. 2002 च्या दुरुस्तीनंतर गावाला किंवा खाजगी मालकाला स्वखुशीने आपली जमीन ‘समुदाय राखीव’ म्हणून जाहीर करवून घेता येते, आणि मालकी त्याचीच राहते.

आणि लोणावळ्याकडे ज्यांनी जागा घेतली आहे त्यांना एवढेच सांगणे, की भिंत घालण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा आपल्या जागेतून हिंडून या. ओढा कुठून येतो, चिखलात कुणाची पावले उमटली आहेत, ते पाहा. त्या बाजूला भिंतीऐवजी करवंदीची जाळी राहू द्या, आणि रात्री तिकडचा दिवा मालवा.