सात वाजता काय करतेस?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या शिबिरांत दारूचा विषय निघाला की पिणारा असतो नवरा आणि मार खाणारी बायको. ते खोटे नाही. बाटली आडवी करायला गावोगावच्या बाया मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या बैठकांना मीही गेले आहे. पण पिणारी आपलीच मैत्रीण असली तर? आपल्याच मोर्चात पुढे चालणारी असली तर? अशा वेळी आपल्याजवळ घोषणा नसते. मी अशाच एका मैत्रिणीबद्दल बोलणार आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाव नको घेऊस, बाकी सगळं सांग. तुझंही सांग."

तर आधी माझे सांगते.

ती पिते हे मला कळले होते. सकाळच्या बैठकीत तिचे हात थरथरत, तोंडाला बडीशेपेचा वास येई. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. बीस्टेकची सात तत्त्वे परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवलेले. समोरच्याचा स्वयंनिर्णय, निवाडा न करणे वगैरे. म्हणून मी विचार करत बसले. बोलले तर तिचा अपमान होईल का? मैत्रीण म्हणून बोलू की समाजकार्यकर्ती म्हणून? पुरुष पितात ते चालते, मग बाईला बोलणारी मी कोण? हा शेवटचा प्रश्न तर मला फारच आवडला, कारण त्याखाली माझी भीती छान झाकली जात होती. तीन आठवडे गेले. वहीत मुद्देसुद्धा काढले होते.

तेवढ्यात तिनेच ठरवले. एका शुक्रवारी कोणाला न सांगता तिने घरातल्या बाटल्या मोरीत ओतल्या. रविवारी पहाटे तिला फिट आली. शेजारच्या काकूंनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

इथे जरा थांबते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, ताप चढतो, प्रसंगी जिवावर बेतते. "सोडायची तर आजच सोड," असे आपण प्रेमाने म्हणतो. तसे म्हणण्याआधी डॉक्टर गाठा. कोणीच माहीत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत फोन आहे. आणि आपल्याकडे येणारी एखादी बाई हताश होऊन नवऱ्याच्या डाळीत दारू सोडायची गोळी चोरून मिसळत असेल, तर तिच्यावर रागवू नका, पण तिला थांबवा. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्याला तर जीव जाऊ शकतो.

मला हे सगळे ठाऊक होते. तिला दोन वाक्यांत सांगता आले असते, आणि बीस्टेकचे एकही तत्त्व मोडले नसते.

पुढे ती एका केंद्रात राहून उपचार घेऊन परत आली. आणि मी पुन्हा विचार करू लागले! रोज फोन केला तर पाळत ठेवल्यासारखे होईल, नाही केला तर टाकून दिल्यासारखे. शेवटी एक दिवस हे सगळे तिच्यासमोरच बोलून टाकले. ती म्हणाली, "अगं, तू माझा विचार करतेयस की तुझा?" मला राग आला. पण उत्तर सुचेना, म्हणून साधे विचारले, "तुला सगळ्यांत जड कधी जातं?"

"सात वाजता. कामावरून येऊन कुलूप उघडताना."

मग आम्ही तिघींनी वार वाटून घेतले. माझे सोमवार आणि गुरुवार. सात वाजता जायचे. मंडईत जायचे, नाहीतर ती भाकऱ्या थापते, मी कांदा चिरते. दारूबद्दल बोलणे क्वचितच होते. शनिवारी ती ए.ए.च्या सभेला जाते. ती सभा फक्त व्यसनी माणसांची, मी बाहेर बाकावर बसते. नातलग आणि स्नेह्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, १९५१ पासून चालत आलेली. तिथे मी दोनदा जाऊन आले. खरे म्हणजे आधीच जायला हवे होते.

चौथ्या महिन्यात एका गुरुवारी मी बैठकीसाठी माझा वार चुकवला. त्या रात्री ती प्यायली. मला कळले तेव्हा दहा वाजले होते. 'माझ्यामुळेच झाले' हा विचार लगेच हजर झाला. तो घेऊन बसले असते तर रात्र सरली असती. चपला घातल्या आणि निघाले. दार उघडून ती म्हणाली, "ओरडणार आहेस?"

"नाही. जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. खिचडी टाकली. सकाळी दोघी डॉक्टरांकडे गेलो.

त्याला आता अकरा महिने झाले. या शिबिरामुळे उद्याचा गुरुवार पुन्हा चुकणार, म्हणून निघताना तिला फोन केला. तिने सोय करून ठेवली होती. त्या रिक्षावाल्या काकू मेथीची जुडी घेऊन निवडायला येणार आहेत. "फार बोलतात गं," असे ती म्हणत होती.