पानगळीतही मोजा, श्रावणातही मोजा



विजासनच्या लेण्यांच्या आणि भद्रनागाच्या या भद्रावतीत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. जेवणाखाण्याची सोय चोख आहे. मोबाइलच्या रेंजची हमी मात्र समिती घेत नाही.

अनेक अँटेनांचे बिनतारी चॅनेल काळानुसार कसे बदलते, याची चर्चा करायला भद्रावतीच का, असे काहींनी विचारले. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: साग. सागाचे मोठे पान सहज हातभर होते. ५जीच्या साडेतीन गिगाहर्ट्‌झ लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. पान तिला विखुरते, थोडी शोषूनही घेते. ओले असले की जास्तच. वाऱ्याने ते हलले की लहरींच्या वाटांची लांबी बदलते आणि आता जुळलेल्या लहरी पुढच्या क्षणी एकमेकींना खोडतात. हाच साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि मृगानंतर पुन्हा भरतो. फेब्रुवारीत चार दिवस मोजून बेतलेले चॅनेलचे प्रारूप श्रावणात चालेल, हे मला पटत नाही.

विखुरण्याचा लाभही आहे. निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवण्याची कल्पना अरोग्यस्वामी पॉलराज यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्डला मांडली; त्याआधी ते आपल्या नौदलासाठी सोनार घडवत होते. जंगलात वाटा भरपूर, पण पोचणारी शक्ती तुटपुंजी. त्यांतल्या खरोखर स्वतंत्र किती, हे मोजल्याशिवाय कळायचे नाही.

शिवाय आपल्या भांदक स्टेशनवरून दिल्ली-चेन्नई मार्ग जातो. ताशी १२० किलोमीटरने धावणारी गाडी अर्धी तरंगलांबी सुमारे सव्वा मिलिसेकंदात ओलांडते. तेवढ्यात चॅनेल पार पालटू शकते. म्हणून अँटेनांच्या सगळ्या जोड्यांच्या मोजणीची एक फेरी त्याच्या आत पुरी व्हायला हवी. नाहीतर हाती येते ती निरनिराळ्या क्षणांची खिचडी. गणिताच्या सोयीसाठी चॅनेल स्थिर धरणाऱ्यांनी एकदा फलाटावर यंत्र लावून पाहावेच.

एक विनंती. मोजणीच्या नोंदीत तारखेसोबत वारा, पाऊस आणि झाडावर पाने किती, हेही लिहा. पुढच्या विद्यार्थ्याला आकड्यांइतकेच ते लागेल.

आणि एक सूचना: यंत्रे घेऊन राखीव जंगलात शिरायचे तर वनखात्याची परवानगी लागते. बांबूच्या रांजीत एकट्याने अँटेना रोवायला कोणी जाऊ नये. इथे वाघ आहेत. आता संमेलनाध्यक्षांनी उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.