पंक्तीत वजनाचा विषय नको



सणावाराला लीड्समधली मराठी घरं एकत्र जमली, की पहिलं वाक्य पुष्कळदा अंगाबद्दलच असतं. ‘किती वाळलीस गं!’ नाहीतर ‘बरीच सुटलीस की!’ आणि लगेच त्याच मुलीच्या ताटात आग्रहाची पुरणपोळी पडते. आपल्या लेखी ही माया. तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्यातून वेगळंच शिकते: माझ्या अंगाबद्दल कुणीही बोलावं आणि माझी भूक दुसऱ्यानं ठरवावी.

खाण्याशी जडलेली मनाची दुखणी गोऱ्यांची, आपल्यात नसतात, असं समजू नका. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये मम्फर्ड आणि व्हाइटहाउस या संशोधकांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. ती १९८८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. भसाभसा खायचं आणि मग ओकून किंवा उपाशी राहून त्याची भरपाई करायची, हा बुलिमियाचा आजार गोऱ्या मुलींपेक्षा आशियाई मुलींत अधिक आढळला. पुढच्या अभ्यासात दिसलं, की जुन्या वळणाच्या घरांतल्या मुलींना खाण्यापिण्याचा हा त्रास जास्त होता.

दुसरा गैरसमज असा, की बारीक माणूस निरोगीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढली आहे. तेव्हा रक्तातली साखर तपासा, कंबरेचा घेर मोजा. पण ते दवाखान्यात. पंक्तीत नको.

मग घरी काय करायचं? लीड्समध्ये लहान मुलांच्या आईवडिलांसाठी ‘हेन्री’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात मुलांना दटावत नाहीत, आईवडिलांना शिकवतात. ‘गाजर देऊ की ब्रोकोली?’ असं विचारायचं आणि निवड मुलावर सोडायची. शहरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा २००९-१० मध्ये ९.४ टक्के होता, तो २०१६-१७ पर्यंत ८.८ टक्क्यांवर आला. घट लहान आहे आणि तिचं सगळं श्रेय एका उपक्रमाला देता येणार नाही. पण धाक न घालताही मुलं नीट खाऊ शकतात, एवढा धीर त्यातून नक्की मिळतो.

ताटात काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलांनी. आईनंही आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नयेत. मुली ऐकत असतात. आणि मूल लपून खाऊ लागलं, जेवण टाळू लागलं किंवा जेवल्याबरोबर बाथरूमचं दार लावू लागलं, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणू नका. आपल्या जीपीला लगेच भेटा. ‘बीट’ ही संस्थाही अशा कुटुंबांना मदत करते. लवकर उपचार झाले तर या आजारातून बरं होण्याची शक्यता वाढते.