जुनी उघडी मोटार पारखताना

बाजारात बैल घेताना आपण झूल पाहत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो. जुनी उघडी मोटारही तशीच पारखावी. इंग्लंडात १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. घ्या. तिला निराळी चासी नाही, वर पक्कं छप्पर नाही. म्हणून दारांखालच्या पोकळ पोलादी पट्ट्यांवर मोठा भार येतो. त्या आतून गंजल्या, की गाडी मध्ये खचते. तेव्हा दार लावून पाहा: घासतं का? फट वरखाली सारखी आहे का? पट्टीवर लोहचुंबक फिरवा. तो धरला नाही, तर रंगाखाली लांबी भरली आहे असं समजा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. ते दुरुस्त होतं. खचलेला सांगाडा सरळ करणं मात्र गाडीच्या किमतीहूनही महाग पडू शकतं. तेव्हा झुलीला भुलू नका!